खिडकीच्या फटीतून येणारा गारठा: तो कमी खर्चात कसा अडवायचा

डिसेंबर लागला की निफाडची बातमी ठरलेली. कुंदेवाडीच्या गहू संशोधन केंद्रात पारा किती उतरला, द्राक्षबागांत पहाटे शेकोट्या कुठे पेटल्या, नाशिकला किती अंश. पण बाहेरच्या आकड्याचा घरातल्या गारठ्याशी नेमका संबंध काय, हे बातमीत नसतं. एकाच सोसायटीत, एकाच मजल्यावर एका घरात साध्या गोधडीत झोप लागते आणि शेजारी दोन रजया घेऊनही पहाटे नाकाचा शेंडा गार पडतो. बाहेरचा पारा दोघांनाही तोच. फरक बहुतेक वेळा खिडक्यांच्या फटींचा असतो.

आपल्याकडे घर बांधताना उन्हाळा आणि पावसाळा डोळ्यांपुढे असतो. हवा खेळती हवी, पाणी आत यायला नको, एवढं झालं की खिडकीचं काम संपलं. हिवाळा दोन-अडीच महिन्यांचा, त्यामुळे त्याचा विचार कुणी करत नाही. मग थंडी वाजायला लागली की आपण थेट हीटरच्या दुकानात जातो. माझं सांगणं एवढंच आहे की हीटर घेण्याआधी फटी बुजवा. आणि बुजवताना, घरात जिथे गॅस किंवा कोळसा जळतो तिथली हवेची वाट मात्र अजिबात बंद करू नका. या दुसऱ्या गोष्टीवर जीव अवलंबून आहे, म्हणून तिच्यावर पुढे सविस्तर लिहिलं आहे.

## थंडी आत येते दोन वाटांनी

पहिली वाट फटींची. बाहेरची गार हवा झडपेच्या कडेने, चौकट आणि भिंत यांच्या मधून, काचेच्या सैल बसलेल्या रबरामागून आत शिरते आणि तेवढीच ऊबदार हवा दुसरीकडून बाहेर जाते. याला आपण हवेची गळती म्हणू. दुसरी वाट काचेची आणि चौकटीची. तिथून हवा जात नाही, पण उष्णता आरपार निघून जाते.

हिवाळ्यात पहाटे स्कूटरवरून निघणाऱ्याला या दोन वाटांमधला फरक समजावून सांगावा लागत नाही. अंगात जाड लोकरी स्वेटर असतो, उभं असताना तो पुरतो. गाडीने वेग घेतला की वारा विणीतून आरपार जातो आणि स्वेटर असून नसल्यासारखा होतो. मग कुणीतरी छातीवर वर्तमानपत्राची घडी घालून वरून झिप लावतो आणि हुडहुडी थांबते. कागदात ऊब नाही, तो फक्त वारा अडवतो. वारा अडला की स्वेटर आपलं काम करू लागतो. घराचंही तसंच आहे. जाड भिंती, पडदे, रजया हा स्वेटर झाला. फटी उघड्या असतील तर त्याचा उपयोग निम्म्यावर येतो. म्हणून आधी फटी, मग काच, असा क्रम ठेवायचा.

## दोन मिलिमीटरची फट म्हणजे केवढं भोक?

चार फूट बाय चार फुटांची एक साधी खिडकी घ्या. तिच्या चारही कडांची लांबी मिळून साधारण ४.८ मीटर होते. या कडांना सगळीकडे फक्त २ मिलिमीटरची फट आहे असं धरा, म्हणजे दोन एटीएम कार्डं एकमेकांवर ठेवून सरकवता येतील, त्याहून जरा जास्त. ही फट एकत्र केली तर क्षेत्रफळ ९६ चौरस सेंटिमीटर होतं. भिंतीला १० सेंटिमीटर बाय १० सेंटिमीटरचं चौकोनी भोक पाडण्याइतकंच जवळपास. भिंतीला असं भोक पडलं असतं तर आपण त्याच दिवशी गवंडी बोलावला असता. तेच भोक खिडकीच्या कडेने पातळ पसरलेलं आहे म्हणून दिसत नाही.

या भोकातून हवा ढकलली जाते ती दोन कारणांनी. एक म्हणजे वारा. वाऱ्याचा वेग दुप्पट झाला की फटीवरचा दाब चौपट होतो. म्हणून शेताकडे किंवा मोकळ्या मैदानाकडे तोंड असलेली, वरच्या मजल्यावरची, उत्तरेची किंवा ईशान्येची खोली जास्त गारठते. दुसरं कारण वारा नसतानाही चालू असतं. ऊबदार हवा हलकी, ती वर चढते आणि वरच्या झरोक्यातून किंवा एक्झॉस्ट फॅनच्या भोकातून निघून जाते. तिची जागा भरायला खालच्या फटींतून गार हवा आत ओढली जाते. पायाशी गारठा आणि डोक्याशी बरं, असं होतं ते यामुळेच.

आता आपल्या घरांची एक खासियत. आपल्याकडे बहुतेक घरांत रात्री हीटर नसतो. मग घर गरम ठेवतं कोण? दिवसा उन्हाने तापलेल्या भिंती आणि झोपलेली माणसं. निजलेला मोठा माणूस साधारण ७० वॅट उष्णता सोडत असतो. दहा बाय बारा फुटांच्या, दहा फूट उंचीच्या खोलीत सुमारे ३४ घनमीटर हवा मावते. फटींमुळे ही हवा तासाला तीनदा बदलत असेल आणि बाहेर आतल्यापेक्षा ८ अंश कमी असतील, तर नुसती हवा बदलण्यात २७० वॅटच्या आसपास उष्णता वाया जाते. म्हणजे त्या खोलीत झोपलेल्या चार माणसांच्या अंगातून निघालेली जवळपास सगळी ऊब. फटी बुजवून हवा बदलण्याचा वेग तासाला एकदावर आणला तर हेच नुकसान ९० वॅटवर येतं. हा हिशेब ढोबळ आहे, खोलीखोलीत फरक पडेल. पण हीटर न लावता खोली ऊबदार राहणं शक्य आहे का, या प्रश्नाचं उत्तर त्यात आहे.

## फट शोधायची कशी?

हाताने शोधू नका, हात फसवतो. उदबत्ती घ्या. पहाटे किंवा रात्री उशिरा, पंखा बंद करून, घरातली बाकीची दारं-खिडक्या लावून घ्या. स्वयंपाकघरातला एक्झॉस्ट फॅन चालू करा, म्हणजे घरातली हवा बाहेर फेकली जाईल आणि प्रत्येक फटीतून बाहेरची हवा जोराने आत येईल. तेवढा वेळ गॅस गिझर आणि शेगडी बंदच ठेवा. आता उदबत्ती खिडकीच्या कडेपासून दोन बोटं अंतरावर धरून हळूहळू फिरवा. धूर सरळ वर जात असेल तर तिथे फट नाही. धूर एकदम आडवा होऊन खोलीच्या आत वळला की तिथे पेन्सिलीने खूण करा. पडदा बाजूला करायला विसरू नका, ठिणगी पडते.

बहुतेक घरांत धूर आडवा होतो त्या जागा ठरलेल्या असतात. सरकत्या खिडकीच्या दोन झडपा मधोमध एकमेकींवर येतात तिथे, विशेषतः त्या जोडाच्या अगदी वरच्या आणि खालच्या टोकाला. खालच्या ट्रॅकमध्ये. चौकट आणि भिंत यांच्यातल्या सिमेंटच्या भेगेत. एसीचे पाईप ज्या भोकातून बाहेर काढले आहेत तिथे. आणि मुख्य दाराच्या खाली. एसीचं भोक लोक हटकून विसरतात, कारण ते युनिटच्या मागे लपलेलं असतं.

झडप घट्ट बसते का हे पाहायला कागदही चालतो. वर्तमानपत्राची पट्टी झडपेत धरून खिडकी लावा आणि ओढा. पट्टी सहज निसटली तर तिथे दाब नाही.

## सरकती खिडकी: खरं दुखणं ब्रशचं

शहरातल्या बहुतेक फ्लॅटमध्ये अ‍ॅल्युमिनियमच्या सरकत्या खिडक्या आहेत. त्यांची रचना एकदा नीट पाहिली की उपाय आपोआप सुचतात. झडप चाकांवर ट्रॅकमधून सरकते. सरकायची म्हणजे ट्रॅक आणि झडप यांच्यात थोडी जागा सोडावीच लागते. ही जागा बुजवायला झडपेच्या कडेला एका खाचेत केसाळ पट्टी बसवलेली असते. तिला वूल पाईल म्हणतात, दुकानात ब्रश पट्टी म्हटलं तरी देतात. खिडकी नवीन असताना ही पट्टी दाट आणि ताठ असते. पाच-सात वर्षांच्या उन्हाने आणि धुळीने तिचे केस बसतात, गळतात, कधी अख्खी पट्टी आकसून खाचेतून अर्धी बाहेर लोंबते. आपण खिडकी पुसतो, काच चकाचक करतो आणि त्या पट्टीकडे कुणी पाहतच नाही. माझ्या मते महाराष्ट्रातल्या फ्लॅटमधल्या गारठ्याचं हे सगळ्यात मोठं आणि सगळ्यात स्वस्तात सुटणारं कारण आहे.

काम असं करायचं. आधी ट्रॅक साफ करा. जुना टूथब्रश, व्हॅक्यूम असेल तर तो, नसेल तर ओलं फडकं. ट्रॅकमध्ये मातीचा थर असेल तर झडप वर उचललेली राहते आणि एका बाजूला पाचरीसारखी फट पडते. तेल घालू नका, त्यावर धूळ आणखी चिकटते. मग झडप दोन्ही हातांनी वर उचलून वरच्या खाचेत सरकवायची आणि खालची कड आतल्या बाजूला ओढून काढायची. तीन ट्रॅकची खिडकी असेल तर आधी जाळीची झडप काढावी लागते. काच जड असते, त्यामुळे दोघांनी मिळून करा. वरच्या मजल्यावर बाहेरून ग्रिल नसेल तर हे काम स्वतः करू नका, फॅब्रिकेटरला, म्हणजे अ‍ॅल्युमिनियमच्या खिडक्या बनवणाऱ्या कारागिराला बोलवा. झडप हातातून खाली रस्त्यावर गेली तर काय होईल ते सांगायला नको.

झडप आडवी ठेवली की जुनी पट्टी पकडीने एका टोकाकडून ओढून काढा. तिचा बोटभर तुकडा सोबत घेऊनच दुकानात जा. पट्टीची बूड-रुंदी आणि केसांची उंची वेगवेगळ्या मापांत मिळते. केस जास्त उंच असले तर खिडकी सरकत नाही, कमी असले तर उपयोग नाही. अ‍ॅल्युमिनियम सेक्शनच्या दुकानात ती मीटरवर मिळते. स्वतः केलं तर एका खिडकीचं काम साधारण शंभर-दोनशे रुपयांत होतं. नवी पट्टी खाचेत एका टोकाकडून सरकवत न्यायची, ताणायची नाही. ताणून बसवली तर काही दिवसांत आकसते आणि टोकाला पुन्हा मोकळी जागा पडते.

झडप परत बसवल्यावर तिच्या खालच्या कडेला, चाकाजवळ एक छोटा स्क्रू दिसतो का पाहा. बऱ्याच खिडक्यांत तो फिरवून चाक वर-खाली करता येतं. झडप चौकटीच्या उभ्या कडेला समांतर आली की निम्मी फट तिथेच संपते. कडी ढिली असेल तर तीही बदला, कारण दोन झडपांना एकमेकींवर दाबून धरायचं काम कडीचं आहे.

मधल्या जोडाच्या वरच्या-खालच्या टोकाला ब्रश पट्टी पोचत नाही. तिथे स्पंजचा किंवा फोमचा छोटा तुकडा कापून दाबून बसवा. दिसायला क्षुल्लक वाटतं, पण उदबत्ती पुन्हा धरून पाहा, धूर शांत झालेला दिसेल.

बाहेर किंवा आत उघडणाऱ्या झडपांना मात्र ब्रश पट्टी लागत नाही. तिथे चिकटणारी फोम टेप किंवा इंग्रजी डी अक्षराच्या आकाराची रबरी पट्टी लावायची. फोम स्वस्त, पण एक-दोन हंगामांत चपटा होतो. रबर थोडं महाग, बरीच वर्षं टिकतं. चौकट कोरडी आणि स्वच्छ हवी, आणि टेप दुपारी उन्हाच्या वेळी लावावी. पहाटेच्या गार धातूवर गोंद धरत नाही.

## चौकट आणि भिंत यांच्यातली भेग

ही भेग हलत नाही, त्यामुळे ती कायमची बुजवता येते. आतून रंग द्यायचा असेल तर अ‍ॅक्रिलिक सीलंट (भेगा भरायची ट्यूबमधली पेस्ट) घ्या, त्यावर रंग बसतो. सिलिकॉनवर बसत नाही. सिलिकॉनच घ्यायचं असेल तर न्यूट्रल प्रकारचं मागा. व्हिनेगरसारखा आंबट वास येणारं सिलिकॉन काचेला ठीक, पण सिमेंटला आणि धातूला ते मानवत नाही. भेग बोटाएवढी रुंद असेल तर आधी आत फोमची दोरी दाबा आणि वर सीलंट भरा, नाहीतर ट्यूबच्या ट्यूब आत जातात. एसीच्या पाईपभोवती एसीवाले वापरतात ती मऊ पुट्टी भरा, पुढे पाईप काढायची वेळ आली तर ती सहज निघते.

## लाकडी खिडकी आणि हिवाळ्यातला बदल

वाड्यांमध्ये आणि जुन्या बंगल्यांमध्ये अजून सागवानी झडपा आहेत. लाकूड पावसाळ्यात दमट हवेतलं पाणी शोषून फुगतं, हिवाळ्याच्या कोरड्या हवेत आकसतं. जुलैत झडप लागत नाही म्हणून आपण सुताराला बोलावतो, तो रंधा मारून कड उतरवतो. जानेवारीत तीच झडप आकसते आणि कडेला बोट जाईल एवढी जागा राहते. शक्य असेल तर रंधा मारायचं काम हिवाळ्यात फट पाहूनच ठरवा, पावसाळ्यात फक्त अडणारा कोपरा घासून घ्या.

तावदानांच्या कडेची लांबी, म्हणजे काच चौकटीत पक्की धरणारी पुट्टी, सुकून भेगाळलेली असते. काच बोटाने दाबली आणि ती खडखडली तर समजा की लांबी गेली. जुनी लांबी पटाशीने खरवडायची आणि नवी भरायची. खडू पावडर आणि जवसाचं तेल मळून केलेली लांबी जुने रंगारी अजूनही वापरतात आणि ती चांगली टिकते. झडपेच्या कडेला फोम टेप, बिजागऱ्यांचे स्क्रू घट्ट, आणि कडी-कोयंडा ओढून बसेल असा. एवढ्यावर जुनी खिडकीही चांगली बंद होते.

## फटी बुजवल्या, तरी खिडकीजवळ गार का लागतं?

ही शंका हमखास येते आणि तिचं कारण वेगळं आहे. एकेरी काच रात्री लवकर गार पडते. तिला लागून असलेली खोलीतली हवाही गार होते, जड होते आणि काचेवरून खाली घसरत येऊन पलंगावर उतरते. वाटतं बाहेरून वारा येतोय, प्रत्यक्षात ती आपल्याच खोलीतली हवा असते. अ‍ॅल्युमिनियमची चौकट तर उष्णता बाहेर वाहून न्यायला फार तत्पर. यूपीव्हीसीच्या, म्हणजे खिडक्यांसाठी वापरतात त्या कडक प्लॅस्टिकच्या, तुलनेत अ‍ॅल्युमिनियममधून उष्णता जवळपास हजारपट सहज वाहते. पहाटे चौकटीला हात लावला की बर्फासारखी लागते ती यामुळे.

इथे कामाला येते ती अडकवून ठेवलेली, न हलणारी हवा. स्थिर हवेतून उष्णता काचेपेक्षा सुमारे चाळीसपट सावकाश जाते. म्हणून काचेच्या आतल्या बाजूला हवेचा एक थर कोंडायचा. पार्सलमध्ये येणारा बबल रॅप काचेच्या मापात कापा, काचेवर पाण्याचा फवारा मारा आणि फुगे काचेकडे करून चिकटवा. काढताना डाग राहत नाही. उजेड येतो, फक्त बाहेरचं स्पष्ट दिसत नाही, त्यामुळे झोपायच्या खोलीला हा उपाय बरा.

त्याहून चांगली युक्ती ज्या घरांत खिडकीला वेल्क्रोची डासांची जाळी आहे त्यांच्यासाठी. चौकटीभोवती वेल्क्रो आधीच चिकटवलेलं असतं. जेवणाच्या टेबलावर घालायचं पारदर्शक प्लॅस्टिक मीटरवर मिळतं. ते जाळीच्याच मापाचं कापून कडेला वेल्क्रोची दुसरी पट्टी शिवून घ्या. रात्री जाळीच्या जागी हे लावायचं, दुपारी काढून खिडकी उघडायची. वाराही अडतो आणि काच व प्लॅस्टिक यांच्यात हवाही कोंडली जाते. देवघराजवळच्या किंवा गॅसच्या ओट्याजवळच्या खिडकीला मात्र प्लॅस्टिक लावू नका.

पडद्याचं म्हणाल तर जाड पडदा उपयोगी आहेच, पण तो भिंतीला आणि खाली टेकला पाहिजे. वरून आणि खालून मोकळा असलेला पडदा मागच्या गार हवेला खाली वाट करून देतो. जुनी गोधडी पडद्यामागे टाचून दिली तरी चालते. पलंग खिडकीपासून हातभर लांब सरकवणं हा तर फुकटचा उपाय.

## "सगळं बंद केलं तर गुदमरणार नाही का?"

प्रश्न अगदी रास्त आहे, आणि याचं उत्तर खोलीनुसार बदलतं.

बाथरूममध्ये गॅस गिझर असेल, तर तिथला झरोका, लूव्हरच्या काचा, दाराखालची जागा, यातलं काहीही बंद करू नका. दरवर्षी हिवाळ्यात गॅस गिझरमुळे बाथरूममध्ये गुदमरून माणसं गेल्याच्या बातम्या येतात, त्यात नवी लग्न झालेली जोडपी असतात, शाळकरी मुलं असतात. हवा अपुरी पडली की गॅस नीट जळत नाही आणि कार्बन मोनॉक्साईड तयार होतो. त्याला रंग नाही, वास नाही. रक्तातल्या हिमोग्लोबिनला तो ऑक्सिजनपेक्षा दोनशे पटींहून जास्त घट्ट चिकटतो, त्यामुळे श्वास चालू असूनही शरीराला ऑक्सिजन मिळत नाही. डोकं दुखतं, मळमळतं, पाय लटपटतात, आणि दार उघडायचं सुचण्याआधी माणूस कोसळतो. गॅस गिझर शक्यतो बाथरूमच्या बाहेर, मोकळ्या बाल्कनीत बसवावा. तसं जमत नसेल तर बादली भरून घ्यावी, गिझर बंद करावा आणि मग आंघोळीला जावं. कुणी आत बेशुद्ध पडलेलं दिसलं तर दार उघडून आधी मोकळ्या हवेत आणा आणि १०८ ला फोन करा.

कोळशाची किंवा लाकडाची शेगडी बंद खोलीत ठेवून झोपणं, मग ते बाळंतिणीसाठी असो की म्हाताऱ्या माणसासाठी, कुठल्याही परिस्थितीत नको. निखाऱ्यावर राख चढून तो शांत दिसला तरी कार्बन मोनॉक्साईड निघतच असतो. बाळंतिणीला शेक द्यायचा तर दार-खिडकी उघडी ठेवून द्या आणि शेक झाला की शेगडी घराबाहेर काढा. फटी बुजवलेल्या खोलीत हा धोका वाढतो, म्हणून हे लिहिल्याशिवाय फटी बुजवायला सांगणं मला योग्य वाटत नाही.

स्वयंपाकघरातही तीच काळजी. सिलिंडरचा गॅस हवेपेक्षा जड, तो गळला तर जमिनीलगत साचतो. ओट्याखाली किंवा भिंतीत खाली ठेवलेली जाळी थंडीसाठी बुजवू नका.

झोपायच्या खोलीत काहीच जळत नसेल तर घाबरायचं कारण नाही. वर सांगितलेले सगळे उपाय करूनही आपल्या घरांतली हवा पूर्ण कोंडत नाही. चार-पाच जण एका खोलीत झोपत असाल तर आतल्या खोलीकडचं दार थोडं किलकिलं ठेवा, बाहेरची खिडकी नको. डासांची अगरबत्ती किंवा कॉईल बंद खोलीत रात्रभर जाळू नका.

आणि ताज्या हवेसाठी आपल्याकडे एक मोठी सोय आहे. इथला हिवाळा फक्त रात्रीचा. पहाटे आठ-दहा अंश असले तरी दुपारी नाशिक-पुण्यात पारा बहुतेक दिवशी पंचविशीच्या पुढे जातो, म्हणजे बाहेरची हवा घरातल्यापेक्षा ऊबदार असते. अकरा ते चार खिडक्या सताड उघडा. दक्षिणेच्या खिडकीचा पडदा बाजूला सारा. डिसेंबरअखेरीस नाशिकला भर दुपारीही सूर्य क्षितिजापासून फक्त ४६-४७ अंश वर असतो, त्यामुळे ऊन खोलीत आतपर्यंत येतं आणि फरशी, भिंती तापतात. मावळतीच्या आधी सगळं लावून घ्या. भिंतींत साठलेली ऊब पहाटेपर्यंत पुरवायची असेल तर संध्याकाळी सहाला खिडकी बंद होणं महत्त्वाचं, नऊला नाही.

## पावसाळ्यात पाणी घरात येईल का?

येईल, जर खालच्या ट्रॅकची भोकं सिलिकॉनने बुजवलीत तर. सरकत्या खिडकीच्या खालच्या पट्टीला बाहेरच्या बाजूने छोट्या चिरा किंवा भोकं असतात. ट्रॅकमध्ये साचलेलं पावसाचं पाणी त्यातून बाहेर जातं. हिवाळ्यात तिथूनही गार हवा येते, म्हणून ती बुजवायचा मोह होतो. तिथे फक्त कापसाचा बोळा किंवा स्पंजचा तुकडा घाला, कायमचं काही नको, आणि मे संपायच्या आत काढून टाका. विसरलात तर पहिल्याच मोठ्या पावसात पाणी ट्रॅक भरून गादीपर्यंत येतं.

दुसरी शंका बुरशीची. बंद खोलीत ओले कपडे वाळत घातले तर दमटपणा गार काचेवर पाणी होऊन बसतो आणि कोपऱ्यात काळे डाग पडतात. कपडे बाहेर वाळवा, सकाळी काच पुसा, दुपारी खिडकी उघडा. एवढं पुरतं.

## भाड्याचं घर, आणि परदेशातले आपले लोक

भाड्याच्या घरात सीलंट भरण्याआधी मालकांना विचारा. फोम टेप, बबल रॅप, वेल्क्रोचं प्लॅस्टिक, दाराखाली सरकवायची दुहेरी फोमची पट्टी किंवा जुन्या लुगड्याची गुंडाळी, हे सगळं जाताना काढून नेता येतं.

लंडन, शिकागो, टोरांटोकडच्या मराठी घरांत प्रश्न वेगळ्या पातळीवरचा असतो, कारण तिथे महिनोन् महिने हीटर चालू असतो आणि प्रत्येक फट बिलात दिसते. तिथल्या दुकानांत खिडकीला लावायच्या पातळ प्लॅस्टिकची पाकिटं मिळतात. दोन्ही बाजूंनी चिकटणारी टेप चौकटीला लावायची, त्यावर प्लॅस्टिक ताणायचं आणि हेअर ड्रायर फिरवला की ते ढोलासारखं घट्ट होतं. दोन गोष्टी मात्र सांभाळा. आग लागली तर बाहेर पडायची जी खिडकी असते तिच्यावर असं काही लावू नका जे पटकन फाडता येणार नाही. आणि ब्रिटनमधल्या बऱ्याच खिडक्यांना वरच्या बाजूला हवेसाठी बारीक झडप मुद्दाम ठेवलेली असते, ती टेपने बंद करू नका.

## "त्यापेक्षा खिडकीच बदलून टाकू"

यूपीव्हीसीची दुहेरी काचेची खिडकी खरंच चांगली. एकेरी काचेतून जेवढी उष्णता जाते त्याच्या साधारण निम्मीच तिच्यातून जाते. पण एकेका खिडकीचा खर्च हजारोंत जातो आणि आपली कडाक्याची थंडी काही आठवड्यांची. नुसत्या थंडीसाठी खिडक्या बदलणं मला पटत नाही. घर हमरस्त्यावर आहे, रात्री ट्रकच्या हॉर्नने झोप मोडते, धूळ येते, अशी आणखी कारणं असतील तर गोष्ट वेगळी.

घराचं काम निघालंच असेल तर फॅब्रिकेटरशी बोलताना तीन गोष्टी ठरवून घ्या. उत्तरेकडच्या झोपायच्या खोलीला सरकती नको, उघडणारी झडप आणि चारही बाजूंनी रबर. सरकती करायचीच असेल तर ब्रश पट्टी दोन्ही बाजूंना आणि मधल्या जोडाच्या टोकांना धूळ अडवायचे ठोकळे. आणि चौकट बसवल्यावर भिंतीकडची जागा नुसत्या सिमेंटने न लिंपता आतून सीलंट भरून द्यायचा. हे तिन्ही कोटेशनमध्येच लिहून घ्या. खिडकी बसल्यावर सांगितलं तर त्याचे वेगळे पैसे लागतात.